डाव्या टाकीचा काटा

बोटीवर मुद्दाम वजन चढवायचं असतं हे मला पन्नाशी ओलांडल्यावर कळलं. तोवर माझा समज असा की टेंपो असो, बैलगाडी असो की माणूस, ओझं कमी तेवढं बरं. माझं खोपोलीत मोटर रिवाइंडिंगचं दुकान. शेतावरचे पंप, बोअरच्या मोटरी, गिरणीच्या मोटरी. जळक्या वार्निशच्या वासात सगळं आयुष्य गेलं. खालापूरच्या पुढे एका लहान धरणाच्या पाण्याकाठी रिसॉर्ट झालं. तिथल्या स्विमिंग पुलाचा पंप बसवायला मला बोलावलं, आणि मग तिथलं जे जे विजेवर चालतं ते हळूहळू माझ्या गळ्यात पडलं. बोटही तशीच पडली.

ती काही मासे धरायची बोट नव्हती, की माणसं पलीकडे पोचवायचीही नव्हती. तिच्यामागे दोर धरून एक माणूस फळीवर उभा राहायचा, पाय फळीला पट्ट्यांनी आवळलेले, आणि बोटीमागे जी लाट उठते तिच्यावरून उड्या मारायचा. वेकबोर्ड म्हणतात त्याला. लाट मोठी हवी तर बोट पाण्यात खोल बसायला हवी, म्हणून तिच्या तळात तीन टाक्या होत्या, डावी, उजवी आणि मधली. बटण दाबलं की पंप तलावाचंच पाणी ओढून टाकी भरायचा आणि खेळ संपला की परत तलावात सोडायचा. कुठली टाकी किती भरली ते दाखवायला स्टिअरिंगसमोर तीन काटे होते. पहिल्यांदा हे मला समजावलं तेव्हा मी मोठ्यानं हसलो होतो. त्या हसण्याचं पुढे पुरेपूर उट्टं निघालं.

आता ती बोट तिथे नाही. तरी कामानिमित्त त्या रस्त्यानं गेलो की मान आपोआप धक्क्याकडे वळते. पाणी तेच, पलीकडचा माणिकगडही तोच. स्टिअरिंगवर दाजी तेवढे नाहीत, आणि त्याचं मला दर वेळी नव्यानं वाईट वाटतं.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. खोपोलीतल्या एका कारखान्यात त्यांनी जन्म काढला, मग तो कारखाना बंद झाला आणि ते घरी बसले. बसले म्हणजे अक्षरशः बसले. ओट्यावरच्या खांबाला टेकून समोरच्या रस्त्याकडे बघत राहायचे. ताई कधी माझ्याकडे काही मागणारी नव्हे. तिनं एकदाच सांगितलं, "ह्यांना कुटंतरी कामाला लाव रं. घरात बसून खंगत चाललाय मानूस." मी मॅनेजरकडे शब्द टाकला. त्यांना पोहता चांगलं येतं, आणि माणूस सोन्यासारखा आहे, एवढंच मी म्हणालो. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. वीजघराचं पाणी नदीत सुटतं तिथल्या ओढीत पोहून ते लहानाचे मोठे झालेले होते.

बोट शिकवायला बाहेरून एक माणूस आठ दिवस आला होता. नवव्या दिवशी दाजींनी एकट्यानं बोट तलावाच्या मध्यावर नेली, गोल फिरवली आणि धक्क्याला अशी आणून लावली की बांधलेला टायर हललासुद्धा नाही. मी काठावर उभा होतो. उतरताना त्यांचा चेहरा बघून मला माझ्या बहिणीच्या लग्नातले दाजी आठवले. त्यानंतर ते रोज इस्त्रीचा शर्ट घालून, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून बोट चालवायचे. सीटवर स्वतःचा पंचा अंथरायचे. कोणी पाहुणा म्हणाला, काका काय मस्त चालवता, की त्या दिवशी घरी जाऊन ताईला तीनदा सांगायचे.

त्यांचा डबा मोठा असायचा, कारण त्यात मीही असायचो. मी रिसॉर्टवर कामाला जाणार असलो की ताई तांदळाच्या दोन भाकऱ्या जास्त घालायची. कधी सुकट, कधी वालाचं बिरडं. बोटीवरच, सावलीत, पाय पाण्यात सोडून आम्ही जेवायचो. फार बोलायचो नाही. माझ्यासारख्या तापट माणसाला जिथे कोणी तापवत नाही अशा जागा थोड्या असतात, आणि ती त्यातली एक होती.

पावसाळ्यात बोट शेडमध्ये झाकून ठेवत आणि दसऱ्याला पूजा करून पाण्यात उतरवत. माळ ताई करायची. आमचं गाव पोशीर, ताईचं माहेर, तिथल्या शेतात तेव्हा भात पिकायला आलेलं असतं. झेंडूच्या मधे मधे भाताच्या लोंब्या गुंफून ती अशी माळ करायची की मॅनेजरसुद्धा फोटो काढायचा. ज्या वर्षाची ही गोष्ट, त्या वर्षी माळ माझ्या हातात देताना ती म्हणाली, "नीट बांध रं. मागल्या साली वाऱ्यानं पान्यात पडली."

आता मी कोण? मी काय माळ दोऱ्यानं बांधणार? मी पिशवीतून ड्रिल काढलं, स्टिअरिंगच्या डावीकडे डॅशबोर्डला वरून दोन भोकं पाडली आणि सव्वा इंची दोन स्टीलचे स्क्रू ठोकून माळ अशी आवळली की वादळ आलं तरी हलणार नाही. दाजी शेजारी नारळ घेऊन उभे होते. हळद-कुंकू झालं, नारळ फोडला, बोट पाण्यात गेली. दसऱ्याची माळ आमच्यात हातानं काढत नाहीत. सुकली तरी पुढच्या दसऱ्यापर्यंत राहू देतात, आपणहून गळाली तर गळाली.

दिवाळीनंतर पाहुण्यांची गर्दी सुरू झाली आणि बोट उजवीकडे कलते हे सगळ्यांच्या डोळ्यांवर यायला लागलं. टाक्या भरत भरत बोट मध्यावर न्यायची अशी पद्धत. तिथे गेल्यावर डावी टाकी अर्धीच भरलेली निघायची आणि उजवी पूर्ण. लाट एका अंगानं मोठी, दुसऱ्या अंगानं मरतुकडी. एका मुलीनं उडी मारली ती भलतीकडे आपटली, तिचा ओठ फुटला. मॅनेजर चिडला. तरुण माणूस, वाईट नव्हता, पण वरून मालकाचा धाक. त्यानं मला बोलावून घेतलं आणि दाजींच्या देखत सांगितलं, "चार दिवसांनी मालकांचे पाहुणे आहेत. तेव्हा असं झालं तर मी गोव्याहून ड्रायव्हर आणणार. काकांना गेटवर बसवू."

गेट म्हणजे खुर्ची आणि समोर रस्ता. ओट्यावरचा खांब मला लगेच आठवला. दाजींनाही आठवला असणार.

मी कामाला लागलो. हा काटा चालतो कसा ते सोपं आहे. टाकीत एक तरंगता गोळा असतो, पाण्याबरोबर वरखाली होतो. त्याच्यापासून एक वायर काट्यापर्यंत जाते. वायर सुटली तर काटा रिकामं दाखवतो, आणि तीच वायर मधेच कुठे अर्थिंगला टेकली तर टाकी कोरडी असली तरी काटा भरलेलं दाखवतो. बाकी सगळा मीटरचा खेळ. मी गोळा बाहेर काढला, हातानं वरखाली केला, मीटर बरोबर आकडे दाखवत होता. परत बसवला. टाकी भरली, काटा भरला. टाकी सोडली, काटा खाली आला. तीनदा केलं, तिन्ही वेळा चोख.

"धक्क्याला बरोबरच दाखवतो रं," दाजी म्हणाले. "पान्यात गेल्यावर फसवतो."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. यंत्र ठिकाण बघून खोटं बोलत नाही असं मला त्यांना ऐकवायचं होतं. मॅनेजर वाट बघत उभा होता, दुपार डोक्यावर आली होती, आणि त्या बोटीची वायरिंग मीच त्या वर्षी नव्यानं बांधून, क्लिपा मारून नीटस करून दिली होती. तिच्यात दोष असेल हे मनातसुद्धा आलं नाही. मी मीटर बंद केला आणि म्हणालो, "मशीन बरोबर आहे, साहेब. चालवणाऱ्यानं काट्याकडे लक्ष दिलं पाहिजे."

दाजी पंच्यानं हात पुसत राहिले. हात कोरडेच होते.

मॅनेजर गेला. दाजींनी डबा उघडला आणि नेहमीसारख्या माझ्या वाटणीच्या दोन भाकऱ्या झाकणावर काढून माझ्याकडे सरकवल्या, वर बिरडं वाढलं. मी घास हातात घेतला आणि परत झाकणावर ठेवला. खरं सांगतो, त्या वेळी मला स्वतःची किळस आली. ज्या माणसाची रोजी मी त्याच्यासमोर मोडली होती, तो मला कांदा हवा का विचारत होता. मी हात धुतले आणि म्हणालो, "दाजी, चला पान्यात. कसा फसवतो दाखवा मला."

टाक्या रिकाम्या करून आम्ही निघालो. तिन्ही काटे तळाला. मध्यावर जाऊन त्यांनी स्टिअरिंग डावीकडे फिरवलं मात्र, डावा काटा टणकन वर उडाला आणि 'भरली'वर जाऊन बसला. टाकीत थेंब नव्हता. असाच काटा बघून टाकी भरली समजून ते डावा पंप अर्ध्यातच बंद करत होते. "बग," दाजी म्हणाले. मी मागे सीट उचलून टाकीजवळची वायर उपसून काढली. आता काटा खाली यायलाच हवा. आला नाही. म्हणजे गोळा निर्दोष, काटा निर्दोष, आणि दाजी तर होतेच निर्दोष. वायर मधेच कुठेतरी टेकत होती. स्टिअरिंग सरळ असलं की सुटत होती, वळवलं की टेकत होती. धक्क्याला बांधलेल्या बोटीचं स्टिअरिंग कोण कशाला वळवेल?

मी स्टिअरिंगखाली उताणा आडवा झालो. दातात टॉर्च धरली. वायरींची जाड मोळी डोळ्यांसमोर होती, माझ्या हातची, माझ्या क्लिपांची. "डावीकडं वळवा," मी तोंडातल्या तोंडात म्हणालो. स्टिअरिंगची केबल सरकली, तिनं मोळीला वर ढकललं, आणि मोळी एका चकचकीत टोकावर जाऊन रुतली. त्या टोकानं गोळ्याची वायरही सोलली होती आणि तिच्या शेजारची काळी अर्थिंगचीही. टोक स्टीलचं होतं. सव्वा इंची. मी हात वर करून त्या स्क्रूचं वरचं डोकं चाचपलं, तर सुकलेल्या लोंबीतले दोन-चार दाणे माझ्या तोंडावर पडले.

मी तसाच पडून राहिलो. इंजिन मंद चालू होतं.

"घावला काय?" दाजींनी वरून विचारलं.

"तुमाला म्हाईत होतं?"

"मला काय वायरीतलं कळतंय. पन दसऱ्याच्या दुसऱ्या दिसापासनं हाय, एवडं कळत होतं."

"मग बोलला का नाय? स्क्रू काडून तरी टाकायचा."

"देवाच्या माळेचा हाय, मधीच कसा काडू? आन् म्यानेजरसमोर काय बोलू, तुजाच खिळा तुजीच वायर फोडतोय म्हनून? तुजं नाव हाय तितं. माजं काय, मी गेटवर पन बसलो असतो."

हे ते इतक्या सहज म्हणाले की जणू गेटवर बसणं त्यांना खरंच चाललं असतं. मला माहीत होतं, चाललं नसतं. माझे डोळे भरून आले आणि बरं झालं मी स्टिअरिंगखाली होतो.

दोन्ही स्क्रू काढले. माळ उतरवायची नाही म्हणून दाजींनी ती पंच्याच्या एका दशीनं तिथेच बांधली. वायरी कापून नव्यानं जोडल्या, टेप मारली, दहा वेळा डावीकडे-उजवीकडे वळवून बघितलं. काटा शहाण्यासारखा वागत होता. धक्क्याला आलो तेव्हा मॅनेजर उभाच होता. काय होतं, त्यानं विचारलं. सांगायचं ठरवूनच मी उतरलो होतो. शब्द ओठांपर्यंत आले होते. आणि मी म्हणालो, "उंदीर. उंदरानं वायर कुरतडली होती. काकांची चूक नव्हती."

मॅनेजरनं दाजींना सॉरी म्हटलं. दाजींची जागा वाचली, माझं नाव वाचलं, सगळं उंदराच्या डोक्यावर गेलं. पण मॅनेजर कामाचा माणूस. दुसऱ्या दिवशी त्यानं एक पिंजरा आणवला आणि दाजींना सांगितलं, रोज संध्याकाळी बोट बांधली की पिंजरा लावायचा, सकाळी तपासायचा.

आणि दाजी लावायला लागले. रोज. रिसॉर्टच्या भटारखान्यातून एक कांदाभजी मागून आणायचे, पिंजऱ्याच्या आकड्याला अडकवायचे, पिंजरा बोटीच्या मागच्या बाजूला ठेवायचे. सकाळी मऊ पडलेली भजी काढून माशांना टाकायचे आणि वहीत लिहायचे, काही नाही. जो उंदीर जन्मालाच आला नव्हता त्याच्यासाठी एक धड माणूस रोज भजी मागायला जात होता. मी तिथे असलो की माझ्या देखत व्हायचं हे. एकदा मी म्हणालो, "दाजी, पुरे आता." ते म्हणाले, "सायबानं सांगितलंय. नाय लावला तर विचारील, का रे बाबा, उंदीर गेला काय?" आणि गालात हसले. मला हसू आलं नाही. प्रत्येक भजीबरोबर खरं सांगणं अवघड होत गेलं.

तसे दिवस मात्र फार चांगले गेले. मालकांचे पाहुणे आले, बोट सरळ चालली, लाट दोन्ही अंगांनी सारखी. दाजी टाक्या भरताना आता काट्याबरोबर बाजूच्या भोकाकडेही बघायचे. टाकी काठोकाठ झाली की तिथून पाण्याची चूळ बाहेर पडते. "काटा तो काटा, चूळ ती चूळ," म्हणायचे. त्या दोन हंगामांत मी कामं नसतानाही रिसॉर्टवर जायचो, पंपाला तेल द्यायचं निमित्त काढून. पाण्यात पाय सोडून भाकरी खायचो. ते दिवस परत मिळावेत असं मला अजून वाटतं, अगदी पिंजऱ्यासकट.

तिसऱ्या वर्षी मालकानं बोट विकली. ट्रॉली आली. मॅनेजर यादी हातात घेऊन एकेक वस्तू मोजून घेत होता, जॅकेटं, दोर, फळ्या, आणि शेवटी पिंजरा. तो हातात घेऊन त्यानं सहज विचारलं, "काका, इतक्या दिवसांत एकही सापडला नाही?"

"शाना होता, सायेब," दाजी म्हणाले. "एकदाच चावला, परत आला नाय." माझ्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही.

मला ते सहन झालं नाही. ज्या जागी उभं राहून मी त्यांच्यावर बोट ठेवलं होतं, त्याच जागी होतो. मी म्हणालो, "साहेब, उंदीर नव्हताच कधी. दसऱ्याला माळेसाठी मी स्क्रू मारला होता, तो वायरीत गेला होता. चूक माझी होती. काकांना तेव्हाच माहीत होतं."

मॅनेजरला तेवढ्यात फोन आला. त्यानं कानाला फोन लावून माझ्याकडे बघितलं, "हां, ठीक आहे, झालं ते झालं," म्हणाला, आणि यादीवर पिंजऱ्यापुढे खूण केली. एवढंच. माझ्या छातीवर दोन वर्षं बसलेला धोंडा त्याच्या लेखी एका खुणेइतका होता.

दाजी मात्र रागावले. स्कूटरवर माझ्यामागे बसले, महामार्गाचा पूल आला. मग म्हणाले, "रोज भजी मागायला गेलो मी. भटारी हसायचा मला. कशापायी गेलो? आज समदं पान्यात घातलंस."

"बोलायचं होतं, दाजी. तवाच बोलायचं होतं."

घाट चढायला निघालेल्या ट्रकच्या रांगेमागे आम्ही अडकलो तेव्हा त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. "तुज्या ताईला नको सांगू पन," ते म्हणाले. "माळ तिच्या हातची होती. जिवाला लावून घेईल."

मी सांगितलं नाही. हे लिहिल्यावर मात्र तिला कळणारच.

दाजी आणि ताई आता मुलाकडे शेलूला असतात, नव्या इमारतीत, चौथ्या मजल्यावर. दाजी गॅलरीत बसतात, पण खंगलेले नाहीत. खालच्या पोरांना पोहण्याच्या गोष्टी सांगतात आणि बिल्डिंगच्या टाकीवरून पाण्याची चूळ पडली की आधी तेच वॉचमनला हाक मारतात. यंदाच्या दसऱ्याला मी गेलो होतो. ताईनं पोशीरहून लोंब्या मागवून माळ केली होती. ती माझ्या हातात देऊन म्हणाली, "दारावर नीट बांध रं. हितं वर वारा लई."

मी सवयीनं पिशवीत हात घातला. ड्रिल पिशवीतच होतं. दाजी पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली केला नाही, मान वर केली नाही.

"दोऱ्यानं," ते म्हणाले.